जन्मतारीख १ जून, मुलाखत न्यू जर्सीत

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई ६६ वर्षांच्या आहेत. माहेर पन्हाळा तालुक्यातलं एक खेडं, सासर कोल्हापुरात पेठेतलं. मुलगा अमेरिकन नागरिक आहे. त्याच्या अर्जावर २०१९ साली त्यांना आणि यजमानांना ग्रीन कार्ड मिळालं. २०२२ मध्ये यजमानांचं आजारपण निघालं, दोघं कोल्हापूरला आले, यजमान इथेच गेले, आणि ताईंचा मुक्काम साडेसात महिन्यांचा झाला. आता नागरिकत्वाची मुलाखत पाच आठवड्यांवर आली आहे आणि ताई कागद गोळा करायला कोल्हापुरात आल्या आहेत. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५९ आहे, आई मात्र जन्म दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा सांगायची. माहेरचं नाव एक, लग्नात ठेवलेलं दुसरं, आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हांचं. एका एजंटाने 'खऱ्या तारखेचा, सासरच्या नावाचा जन्मदाखला पंधरा दिवसांत काढून देतो' म्हणून ॲडव्हान्स घेतला आहे आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखलाही ठेवून घेतला आहे. मुलगा म्हणतो, घेऊन टाक, कागद जुळले पाहिजेत. ताई विचारतात, नेऊ तरी काय काय? आणि हे नागरिकत्व मला हवं आहे का, हेच कळत नसेल तर काय करू?

ताई,

सगळ्यात आधी त्या एजंटाकडे जा आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला हातात घेऊन या. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल. पैसे परत आले तर उत्तम, नाही आले तर त्यावरून भांडत बसू नका. तो दाखला तुमच्याजवळचा सर्वांत जुना कागद आहे, तो कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहणं बरं नाही.

आता मुलाच्या म्हणण्याकडे येते. कागद जुळले पाहिजेत, असं त्याच्या पिढीला वाटणं साहजिक आहे. त्याचा जन्म दवाखान्यात झाला, नोंद वेळेवर झाली, पुढचा प्रत्येक कागद त्या नोंदीवरून निघाला. १९५९ साली खेड्यात घरी जन्मलेल्या मुलीचे कागद असे जुळत नसतात. सगळे तंतोतंत जुळलेले दिसले तर उलट मीच विचारीन, हे कुणी जुळवले?

१ जूनचं तर आपल्याकडे कुणालाच नवल नाही. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं. वडील पोरीला घेऊन गेले की मास्तर विचारणार जन्म कधीचा, वडील सांगणार भातकापणीच्या तोंडाचा, आणि मास्तर पोरीकडे बघून सहा वर्षं पुरी धरणार. रजिस्टरात पडायचा १ जून. महाराष्ट्रात निवृत्तीच्या वयाची कितीतरी माणसं ३१ मे रोजी एकदमच सेवानिवृत्त होतात, त्याचं कारण हेच. तेव्हा तुमच्या बाबतीत मास्तरांनी तारीख अंदाजाने घातली, हे मान्य. पण मग तो एजंट 'खरी तारीख' कुठून आणणार आहे? दसऱ्याच्या आदला दिवस म्हणजे कोणत्या सालच्या दसऱ्याच्या? ५८ च्या की ५९ च्या? आईने साल सांगितलं होतं का? म्हणजे एका अंदाजाच्या जागी दुसरा अंदाज येणार, फक्त या वेळी त्यावर नवाकोरा शिक्का असणार.

याहून मोठी गोष्ट तुमच्या किंवा मुलाच्या लक्षात आलेली दिसत नाही. ग्रीन कार्डासाठी मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये तुम्ही जन्माचा काहीतरी पुरावा दिलाच असणार. बहुधा शाळेचा दाखला, 'नोंद आढळून येत नाही' असं ग्रामपंचायतीचं पत्र आणि वडीलधाऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रं. ते सगळं तुमच्या फायलीत आहे. ग्रीन कार्डावर तुमचा जो 'ए नंबर' आहे, तो त्या फायलीचाच. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ही फाईल असते. तेव्हा सही करून सांगितलंत की जन्म १ जून १९५९, नोंद सापडत नाही. आता त्याच टेबलावर गेल्या महिन्यात निघालेला, वेगळ्या तारखेचा जन्मदाखला ठेवणार, आणि त्यावर नाव सासरचं! जन्माला येताना कुणी सासरचं नाव घेऊन येतं का? अमेरिकन अधिकाऱ्याला आपली लग्नातली नावबदलाची रीत ठाऊक नसेल, पण एवढं त्यालाही कळेल.

मुलाखत शपथेवर होते. तिथे फायद्यासाठी खोटं सांगितलं किंवा खोटा कागद पुढे केला, तर 'चांगल्या चारित्र्या'ची अट मोडते आणि अर्ज फेटाळला जातो. त्या दिवशी पचलं तरी अशा पायावर मिळालेलं नागरिकत्व पुढे कित्येक वर्षांनी काढून घेता येतं. इकडेही एक वर्षापेक्षा जुन्या जन्माची नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२५ मध्ये राज्य सरकारने अशा उशिराच्या नोंदींची तपासणी सुरू केली आणि नियम कडक केले. त्यानंतरही कुणी पंधरा दिवसांत देतो म्हणत असेल, तर तो काय देणार हे ओळखा.

मग करायचं काय? १ जून आहे तसा राहू द्या. शाळा, पासपोर्ट, आधार, ग्रीन कार्ड, सगळीकडे एकच तारीख आहे, ही तुमच्या बाजूची भक्कम गोष्ट आहे. विचारलंच तर सरळ सांगा: जन्म घरी झाला, नोंद सापडली नाही, शाळेत ही तारीख लागली आणि तेव्हापासून हीच आहे, आई दसऱ्याच्या सुमाराचं सांगायची, पण लिहिलेलं काही नाही. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. हीच वाक्यं इंग्रजीत चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून बघा. 'आत्ता राहू दे, नागरिक झाल्यावर दुरुस्त करू' असं मात्र ठरवू नका. अर्जात तुम्हीच दिलेली तारीख प्रमाणपत्रावर आली की 'खरं तर माझी तारीख वेगळी होती' म्हणून ती बदलून मिळत नाही, असा तिथला नियम आहे.

इथे आहात तोवर एक प्रामाणिक शोध जरूर घ्या. माहेरच्या ग्रामपंचायतीत तर जाच, पण तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गावाचं कोतवाल बुकही विचारा. कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही बुकं आता पुष्कळांना माहीत झाली आहेत. त्यात गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगी' एवढंच. सापडलं तर नक्कल घ्या. तारीख निराळी निघाली तर ती लपवूही नका आणि एकदम अधिकाऱ्यापुढेही टाकू नका. आधी तिकडच्या इमिग्रेशन वकिलाला दाखवा. काहीच सापडलं नाही तर तसं लेखी मागा. अमेरिकेच्या नियमात क्रम ठरलेला आहे: मूळ नोंद नसेल तर ती नसल्याचं त्या कार्यालयाचं पत्र आणि सोबत शाळेसारखा दुय्यम पुरावा, तोही नसेल तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रं. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उताराही घ्या. दाखला पुन्हा लिहून दिलेला असू शकतो, रजिस्टर मात्र तुम्हाला शाळेत घातलं त्या वेळचं असतं. आणि दाखल्याला लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे जपायचा म्हटला की कागद प्लास्टिकमध्ये घालतात, मग मागे काय लिहिलंय, शिक्का उमटलाय की छापलाय, काहीच पाहता येत नाही.

नावाचं प्रकरण तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. समजा माहेरची हौसा लग्नात तांदळावर नाव लिहून शोभा झाली. नागरिकत्वाच्या अर्जात जन्मापासून वापरलेली सगळी नावं विचारतात. तिथे हौसा लिहिलंय का, हे मुलाला आजच विचारा. अर्ज त्याने भरला असेल तर बहुधा राहूनच गेलं असेल. मुलांना आईचं माहेरचं नाव कधी लिहावं लागलेलं नसतं. राहिलं असलं तरी घाबरू नका. मुलाखतीत अधिकारी अर्ज सोबत घेऊनच प्रश्न विचारत जातो आणि दुरुस्त्या तिथल्या तिथे करून घेतो. पण 'हे नाव राहिलंय' असं आपण होऊन सांगा. पुरावा म्हणून लग्नाच्या नोंदीचा दाखला न्या, आणि माहेरच्या कुणाच्या ट्रंकेत तुमची लग्नपत्रिका सापडली तर तीही. कायद्याने तिला फार वजन नाही, पण माहेरचं नाव छापलेला त्या काळचा कागद आहे. स्पेलिंगं तीनही एका कागदावर लिहून ठेवा, कोणतं कोणत्या कागदावर आहे त्यासकट. यजमानांचं नाव आपल्याकडे मधलं नाव असतं, तिकडच्या कागदांवर ते कधीकधी तुमच्याच नावाला जोडलं जातं. तेही त्यात लिहा.

जाता जाता, त्याच अर्जात 'नाव कायदेशीर बदलायचं आहे का' असाही प्रश्न असतो. माहेरचं नाव परत घ्यावं असं वाटणाऱ्या बायका मला माहीत आहेत. घ्यायचं तर खुशाल घ्या, मात्र मग बँक, सातबारा, सगळीकडे हाच खेळ पुन्हा मांडावा लागेल.

खरी काळजी मला तुमच्या साडेसात महिन्यांची वाटते, आणि पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे. जन्मतारखेपेक्षा अधिकारी याबद्दल जास्त विचारण्याचा संभव आहे. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत सलग वास्तव्य लागतं आणि एकूण किमान ३० महिने प्रत्यक्ष तिथे राहिलेलं असावं लागतं. एखादी फेरी सहा महिन्यांपेक्षा लांबली आणि वर्षाच्या आत संपली, तर वास्तव्य खंडित झालं असं आधी गृहीत धरतात, आणि तसं नाही हे दाखवणं तुमच्यावर येतं. दाखवता येतं. त्यासाठी दोन प्रकारचे कागद हवेत.

पहिले, का थांबावं लागलं याचे: यजमानांचे दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट, महापालिकेचा मृत्यूचा दाखला. तुम्ही लिहिलंय की ती फाईल उघडवत नाही. नका उघडू. भावाला, भाचीला, कुणाला तरी सांगा, तारखा बघून चार-पाच कागद बाजूला काढायला. सगळं आजारपण तिथे मांडायचं नाही, सुरुवातीची एक तारीख आणि शेवटची एक तारीख दिसली पाहिजे.

दुसरे कागद जास्त महत्त्वाचे आणि लोक नेमके तेच विसरतात: त्या काळात तुमचं घर अमेरिकेतच होतं याचे. तिथलं बँक खातं चालू होतं का? आरोग्य विमा? टपाल कोणत्या पत्त्यावर येत होतं? मुलाने करविवरणात तुम्हाला अवलंबित दाखवलंय का? परतीचं तिकीट आधी काढून नंतर पुढे ढकललं असेल तर तो ईमेल सोन्यासारखा आहे, कारण त्यावरून कळतं की परत जायचं ठरलेलं होतं. इथे नोकरी धरली नाही, घर विकत घेतलं नाही, हेही सांगण्यासारखं. हे सगळे कागद मुलाच्या कपाटात आणि ईमेलमध्ये आहेत, तेव्हा त्याने एजंटाशी फोनवर बोलण्यापेक्षा एक रविवार त्यात घालवावा. इतकं करूनही अधिकाऱ्याला पटलं नाही, तर अर्ज नामंजूर होईल. त्याने ग्रीन कार्ड आपोआप जात नाही, आणि अट पुरी झाल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. तरीही या एका मुद्द्यासाठी वकिलाच्या तासाभराचे पैसे द्याच. एजंटाला देणार होतात ते तिकडे वळवा.

बाकी न्यायचं ते थोडक्यात सांगते. मुलाखतीचं पत्र, ग्रीन कार्ड, तिथलं सरकारी ओळखपत्र. सगळे पासपोर्ट, कोपरा कापलेले जुनेसुद्धा, कारण येण्याजाण्याचे शिक्के त्यांतच आहेत. त्यावरून पाच वर्षांतल्या फेऱ्यांची यादी करा, गेल्याची तारीख, आल्याची तारीख, आणि ती अर्जातल्या यादीशी ताडून पाहा. लग्नाचा दाखला आणि यजमानांचा मृत्यूचा दाखला, कारण अर्जात वैवाहिक स्थिती असते. लग्न ७८ चं आणि नोंद २०१८ ची, याचा संकोच नको. आपल्याकडे पुष्कळांनी लग्नाची नोंद व्हिसासाठीच केली आहे. कधी पोलीस किंवा कोर्टाचं काही झालं असेल, अगदी निर्दोष सुटलेलं, तरी त्याच्या प्रमाणित नकला. प्रत्येकाची मूळ प्रत आणि एक झेरॉक्स. पत्रासोबत आलेल्या यादीत आणखी काही असेल तर माझ्या यादीपेक्षा ती मोठी.

मराठी कागदांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. पूर्ण म्हणजे शिक्का, शेरा, समासात लिहिलेलं, सगळं. खाली भाषांतर करणाऱ्याने लिहायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर संपूर्ण व बिनचूक आहे, मग नाव, सही, पत्ता, तारीख. नोटरी लागत नाही, अपॉस्टिल म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्काही लागत नाही. कोर्टाच्या आवारात कुणी त्याचे पैसे सांगितले तर नमस्कार करून पुढे जा. मुलाला भाषांतर येत असलं तरी नात्याबाहेरच्या कुणाकडून, एखाद्या इंग्रजीच्या शिक्षकाकडून करून घेतलेलं बरं. आणि त्यांना बजावून सांगा, नावाचं स्पेलिंग मूळ कागदावर जसं आहे तसंच ठेवायचं, 'सुधारायचं' नाही.

इंग्रजी आणि नागरिकशास्त्राच्या परीक्षेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एवढंच: तुमच्या वयाला मिळणारी भाषेची सूट ग्रीन कार्डाला १५ किंवा २० वर्षं झालेल्यांना आहे, तुम्हाला नाही. अर्ज २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा नंतर केला असेल तर १२८ प्रश्नांतून २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर लागतात. नाही जमलं तर आणखी एक संधी मिळते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो पत्रात तुम्ही 'सहज' म्हणून लिहिलाय. नागरिकत्व घेतलं की कोल्हापूर सुटलं, असं तुम्ही धरून चालला आहात. व्यवहारात चित्र जवळजवळ उलटं आहे. ग्रीन कार्डावर तुम्हाला इथे राहताना महिने मोजावे लागतात. वर्षाच्या वर राहिलात तर कार्डच धोक्यात येतं. नागरिक झालात आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारा कायमचा व्हिसाच म्हणा ना, ते काढलंत, तर इथे हवं तितकं राहा, कुणी विचारणार नाही. माहेरकडून सातबाऱ्यावर लागलेलं तुमचं नाव त्याने जात नाही, फक्त नवी शेतजमीन विकत घेता येणार नाही. जाईल ते मत. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की इथलं संपतं. पेठेतल्या बाईला महापालिकेच्या निवडणुकीत मत नसणं ही लहान गोष्ट नाही, तिला लहान म्हणणार नाही मी. ती तुम्हाला किती बोचेल हे तुम्हालाच ठरवायचं आहे. दुसरी वाट म्हणजे ग्रीन कार्डावरच राहणं आणि दहा वर्षांनी ते नव्याने काढणं. तीही इभ्रतीची वाट आहे. मात्र मग इथला मुक्काम दर वेळी सहा महिन्यांच्या आत आवरायचा. तिसरी, कार्ड सोडून कोल्हापूरलाच राहणं. तुम्ही तिचा उल्लेखही केला नाहीत, म्हणून मीच केला.

हे मुलाशी बोलायला मुलाखत उरकण्याची वाट पाहू नका. मात्र उद्याच उत्तर दिलं पाहिजे असंही नाही. मुलाखत पास झाली तरी शपथ घेईपर्यंत तुम्ही भारतीय नागरिकच असता, आणि तोवर अर्ज मागेही घेता येतो.

शपथ घेतलीत तर एक पथ्य पाळा. त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तसं करणं गुन्हा ठरतं; तो पासपोर्ट परत करायचा असतो. अमेरिकन पासपोर्ट यायला काही आठवडे जातात, ओसीआय त्यानंतर. मध्ये यायची वेळ आली तर नव्या पासपोर्टवर भारताचा ई-व्हिसा काढता येतो, पण त्यासाठीही आधी तो पासपोर्ट हातात हवा. तेव्हा भाचीच्या लग्नाचं तिकीट मुलगा 'स्वस्त मिळतंय' म्हणून आत्ताच काढत असेल, तर त्याला थांबवा.